वाहत्या पाण्यातील तरंगी
(अभ्यासपाठ : युवक सभा, वसतिगृह आणि कौटुंबिक उपासनेसाठी)



या तिमाहीचा अभ्यासपाठ नदीकाठचा आहे. वाहत्या पाण्यात तरंगी सोडून गळाने मासा कसा धरावा हे यात सांगितले आहे. वसतिगृहातील मुले सुट्टीत घरी जातात तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या गावाजवळ भीमा, सीना किंवा एखादा ओढा असतो. हाताशी एक काठी, थोडी दोरी आणि एक गळ असला तर संध्याकाळच्या भाकरीबरोबर कालवण होऊ शकते. एवढे एक कारण या पाठाला पुरेसे आहे. दुसरे कारण असे की, या कलेत हात आणि दोरी यांचे जे नाते असते त्यातून सेवाकार्य करणाऱ्या आपल्यासारख्यांना बरेच शिकता येते. पाठाचा पहिला भाग हाताने करून पाहण्याचा आहे आणि दुसरा पवित्र शास्त्र उघडून बसण्याचा.

१. आपली नदी

भीमा भीमाशंकरला उगम पावते. पंढरपूरला तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे तिला चंद्रभागा म्हणतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे सीना तिला मिळते आणि पुढे कर्नाटकात जाऊन भीमा कृष्णेत विलीन होते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि या नदीचा स्वभाव बदलला. ११७ टीएमसी साठ्याच्या या धरणाखाली नदी आता बहुतेक वेळा सोडलेल्या पाण्यावर वाहते. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी सोडले जाते, तेव्हा कोरडे पडलेले पात्र पुन्हा वाहू लागते. म्हणून तरंगी वाहवण्याचे दिवस आपल्याकडे दोन : पावसाळ्यानंतर गढूळपणा ओसरून पाणी निवळते तेव्हाचे, आणि आवर्तन सुरू होऊन प्रवाह स्थिरावतो तेव्हाचे.

नदीत मासेही निरनिराळे आहेत. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, बीज सोडून वाढवलेले. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. तिची एक जात भारतात १९५२ साली आणली गेली. याशिवाय या खोऱ्याचे स्वतःचे जुने मासे आहेत. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने सुमारे १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. भीमेच्याच खोऱ्यातील मुळा-मुठेत मिळालेल्या एका महासीर माशाला त्याने ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले, दुसऱ्या एका माशाला ‘कोलस’. ही नावे लॅटिनमधून आलेली नाहीत. इथे मासे धरणाऱ्या लोकांच्या तोंडी जी नावे होती तीच त्याने उचलली. जगभरच्या ग्रंथांत आजही ती नावे तशीच छापली जातात. साहेबाने लिहून घेतले, पण मासा आधी ओळखला होता तो नदीकाठच्या निरक्षर माणसाने. हे लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

२. साहित्य

काठी : दहा ते बारा फुटांची, हलकी, शेंड्याला लवचीक अशी बांबूची काठी. लांब काठीने दोरी पाण्यापासून वर उचलून धरता येते, आणि वाहत्या पाण्यात हेच महत्त्वाचे असते.

दोरी : नायलॉनची बारीक दोरी, जिला बाजारात तंगूस म्हणतात. फार जाड घेऊ नये. जाड दोरीला पाणी जास्त ओढते.

तरंगी : दोरीला बांधलेला जो हलका तुकडा पाण्यावर तरंगतो आणि मासा लागल्याची खूण देतो त्याला या पाठात आपण तरंगी म्हणू. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा आतला हलका गाभा, वाळलेल्या बोरूचा तुकडा किंवा गळून पडलेल्या पिसाची दांडी यांपैकी काहीही चालते. संथ पाण्याला बारीक दांडी पुरते. ओढीच्या पाण्याला मात्र वरच्या बाजूने जरा फुगीर तरंगी हवी, नाहीतर लाट तिला गिळते. थर्माकोल वापरू नये. तो तुटून नदीत राहतो आणि माशांच्या पोटात जातो.

वजन : शिशाचे लहान मणी किंवा पत्र्याच्या चिंचोळ्या पट्ट्या. शिसे विषारी असते, म्हणून ते दाताने दाबू नये आणि नंतर हात धुवावेत. वजन इतके असावे की तरंगीचे फक्त टोक पाण्यावर दिसेल. बरीच तरंगी वर राहिली तर माशाला ती ओढताना जड लागते आणि तो आमिष सोडून देतो.

गळ आणि आमिष : गळ लहान असावा. गांडूळ, कणकेची गोळी किंवा रात्रभर भिजवून उकडलेला ज्वारीचा दाणा ही आमिषे आपल्याकडे सहज मिळतात.

ज्यांच्याकडे रीळ नाही त्यांनी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर दोरी गुंडाळावी. बाटलीचे तोंड प्रवाहाच्या दिशेने धरले की तरंगी ओढेल तशी दोरी आपोआप सुटत जाते, आणि बोटाने दाबून तिला आवर घालता येतो. तीही नसेल तर काठीएवढीच दोरी काठीच्या शेंड्याला पक्की बांधावी आणि तरंगीबरोबर काठाने चालत जावे.

इंग्रज लोक या पद्धतीला ‘ट्रॉटिंग’ म्हणतात. घोड्याच्या दुडक्या चालीला त्यांच्याकडे तोच शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅम शहराजवळच्या ट्रेंट नदीवर ही पद्धत विशेष नावारूपाला आली, आणि मोकळे फिरणाऱ्या लाकडी रिळाला त्या शहराचेच नाव पडले. नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्या कामगारांचे शहर होते. गिरण्या आणि मागांच्या आपल्या सोलापूरला ते परके वाटू नये.

३. पाणी ओळखणे

काठावर पोहोचल्याबरोबर गळ टाकू नये. दहा मिनिटे नुसते बघावे. वरच्या अंगाला एक वाळलेले पान टाकावे आणि ते कुठून, किती वेगाने जाते ते पाहावे. मासा भर धारेत क्वचित राहतो, कारण तिथे त्याला सतत पोहत राहावे लागते. अगदी साचलेल्या पाण्यात त्याच्याकडे खाद्य वाहून येत नाही. तो राहतो या दोहोंच्या सीमेवर : वेगाची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात तिथे, मोठ्या खडकाच्या मागे, वळणाच्या आतल्या अंगाला. पाण्यावर तिथे एक बारीक रेघ दिसते. तरंगी त्या रेघेवरून न्यायची असते.

मग खोली मोजावी. गळाला एक जड शिसे तात्पुरते अडकवून तरंगीखालची दोरी कमीजास्त करावी. शिसे तळाला टेकून तरंगी बुडते आहे असे दिसले की दोरी कमी पडते आहे. तरंगी आडवी पडली की दोरी जास्त झाली. अशा रीतीने तळ कुठे आहे हे पाण्यात न उतरता कळते. एकाच जागी मोजून थांबू नये. तरंगी जितके अंतर वाहणार आहे तितक्या अंतरात तीन-चार ठिकाणी मोजावे.

४. तरंगी सोडणे

या पाठाचे मर्म इथे आहे, म्हणून सावकाश वाचावे.

नदीचे पाणी वर आणि खाली सारख्या वेगाने वाहत नाही. तळाशी ते दगड-वाळूला घासत जाते, म्हणून तिथे ते संथ असते. पृष्ठभागाजवळ ते वेगाने जाते. आता दोरीचा विचार करा. तरंगी वर आहे, आमिष तळाशी. दोघांनाही मोकळे सोडले तर वेगवान पाणी तरंगीला पुढे नेते आणि तरंगी आमिषाला मागून फरपटत नेते. तळाशी असलेला मासा रोज वाहून येणारे दाणे, अळ्या आणि किडे पाहत असतो. ते सगळे तळच्या पाण्याच्या चालीने येतात. त्यांच्याहून वेगाने पळणारा दाणा त्याला खरा वाटत नाही.

याच्या उलट, नवशिका माणूस घाबरून दोरी घट्ट धरतो. त्यामुळे तरंगी जागच्या जागी थांबते, पाणी आमिषाला वर उचलते आणि ते माशाच्या डोक्यावर लोंबकळत राहते. तेही खरे वाटत नाही.

योग्य पद्धत या दोहोंच्या मधली आहे. तरंगी वाहू द्यायची, पण बोटाने तिला किंचित आवरून धरायचे, इतके की ती पृष्ठभागाच्या पाण्यापेक्षा थोडी हळू जाईल. मग आमिष तरंगीच्या पुढे राहते आणि तळच्या पाण्याच्या चालीने, स्वतःच्या गतीने जाते. आवरून धरल्याने आमिष थोडे वर उचलले जाते, म्हणून तरंगीखालची दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा वीतभर जास्त ठेवावी.

हे करताना काठी आणि तरंगी यांच्यामधली दोरी पाण्यावर पडू देऊ नये. पडली तर मधल्या धारेत तिला पोट सुटते आणि ते पोट तरंगीला बाजूला ओढून नेते. पोट सुटलेच तर काठीचा शेंडा उचलून, हलक्या हाताने, दोरी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी. हे करताना तरंगी हलता कामा नये.

प्रत्येक खेपेला तरंगी सोडण्यापूर्वी चिमूटभर खाद्य वरच्या अंगाला टाकावे. भिजवलेली शेंगदाण्याची पेंड किंवा उकडलेली ज्वारी चालते. थोडे आणि वरचेवर हा नियम आहे. एकदम ओंजळभर टाकले तर मासे पोट भरून निघून जातात.

खेप संपत आली की दोरी क्षणभर थांबवावी. आमिष तळावरून हळूच वर येते, आणि पुष्कळदा नेमक्या त्याच वेळी मासा ते घेतो. तरंगी एकाच जागी दर खेपेला बुडत असेल तर तो तळाचा दगड आहे. वेगळ्या जागी बुडाली, थबकली किंवा आडवी सरकली तर तो मासा आहे. मग झटका न देता काठी लांबवर मागे ओढावी, म्हणजे आधी ढिली दोरी ताणली जाईल आणि मग गळ बसेल.

लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेली मादी मिळाली तर तीही सोडून द्यावी. एका संध्याकाळचे कालवण सोडले तर पुढच्या वर्षीची नदी राहते.

५. जिवाची काळजी

मुलांना हा पाठ देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पुढील गोष्टी आधी सांगाव्यात.

धरणातून पाणी सोडले की कोरड्या पात्रातली पातळी काही वेळात वाढते. पात्राच्या मधल्या खडकावर किंवा वाळूच्या बेटावर कधीही बसू नये. आवर्तन कधी सुटणार याची गावात आधी चौकशी करावी. वाळूउपशामुळे भीमेच्या आणि सीनेच्या पात्रात खोल खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल टाकले की माणूस डोक्याइतक्या पाण्यात जातो. म्हणून गळ काठावरूनच टाकावा. एकट्याने जाऊ नये. पोहता न येणाऱ्या मुलाबरोबर पोहता येणारा मोठा माणूस आणि एक दोर असावा. काठी विजेच्या तारांखाली उचलू नये.

धरणाच्या जलाशयात आणि ठेका दिलेल्या तलावांत मासे धरण्याला परवानगी लागते. तिथे विचारूनच बसावे, कारण त्या पाण्यावर भोई आणि कोळी बांधवांचे पोट चालते. स्फोटक टाकून किंवा विष कालवून मासे मारण्याला भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ पासून बंदी आहे. तरीही काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर टाकतात, विजेची तार पाण्यात सोडतात. त्यात लहानमोठे सगळे जीव मरतात, आणि तार सोडणाराही कधीकधी त्यातच जातो. गळाने एका वेळी एकच मासा मिळतो. तेवढ्याने नदी मरत नाही.

६. पवित्र शास्त्रातील गळ

शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत, पण जवळजवळ सगळीकडे जाळे आहे. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे जाळ्याचे कोळी होते. गळ येतो तो एकाच ठिकाणी, मत्तय १७:२४-२७ मध्ये. कफर्णहूम गावात मंदिराचा कर गोळा करणारे लोक पेत्राला विचारतात की, तुझे गुरुजी कर देत नाहीत काय? प्रभू येशू पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगतो. वर येणाऱ्या पहिल्या माशाच्या तोंडात त्याला एक नाणे मिळणार असते, आणि ते दोघांचा कर भरायला पुरणार असते.

या प्रसंगात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, जाळ्यात तरबेज असलेल्या माणसाला प्रभू एका गळाने, एका माशापुरते काम सांगतो. दुसरी, ते नाणे बरोबर दोघांपुरते असते, त्यात साठवण्यासारखे काही उरत नाही. तिसरी, ज्यांना अडखळण होऊ नये म्हणून प्रभूने हे केले ते त्याचे शिष्य नव्हते. ते दारावर उभे असलेले करवसुलीचे लोक होते.

गळाचा उल्लेख यशया १९:५-८ मध्येही आहे. मिसर देशाच्या न्यायाचे वर्णन करताना संदेष्टा सांगतो की नदी आटेल, लव्हाळे वाळतील आणि नाईलमध्ये गळ टाकणारे शोक करतील. उन्हाळ्यात भेगाळलेले भीमेचे पात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नदी आटते तेव्हा राजवाड्याआधी गळ टाकणाऱ्याच्या घरची चूल विझते, आणि संदेष्ट्याने त्याची नोंद घेतली आहे.

आता एक सावधगिरी. आपण सेवाकार्यात ‘माणसे धरणारे’ हा शब्दप्रयोग सहज वापरतो. पण शास्त्रात माणसांना गळ लावण्याचे चित्र जिथे येते तिथे ते जुलमाचे चित्र आहे. हबक्कूक १:१४-१५ मध्ये संदेष्टा देवाकडे तक्रार करतो की शत्रू माणसांना माशांप्रमाणे गळाने ओढतो, जाळ्यात गोळा करतो आणि हर्ष करतो. आमोस ४:२ मध्येही गळ ही शिक्षेची खूण आहे. याउलट लूक ५:१० मध्ये प्रभू पेत्राला जे काम देतो, त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे. मासा धरला की मरतो. प्रभूने सांगितलेले धरणे जीव वाचवण्याचे आहे.

म्हणून हे स्पष्ट असू द्या : ज्या बांधवांमध्ये आपण काम करतो ते मासे नाहीत, आणि शाळा, औषध, धान्य ही आमिषे नाहीत. पुढे काही अपेक्षा ठेवून दिलेले धान्य हे धान्य राहत नाही. भुकेल्याला भाकरी द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. या पाठातून आपल्याला घ्यायचे आहे ते फक्त हात आणि दोरी यांचे नाते.

७. घट्ट धरलेली दोरी : सोलापूरचा धडा

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द माहीत नसलेला माणूस विरळा. त्या भागातल्या वसाहतींच्या नावांत तो आजही आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींत जन्मलेल्या मुलावर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का बसू लागला. सोलापुरात अशा कुटुंबांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. भोवती तारेचे कुंपण होते, ठरलेल्या वेळी हजेरी होती, बाहेर जायला पास लागत असे. आतल्या लोकांना शहरातल्या गिरण्यांत काम दिले गेले.

या वसाहतींच्या कामात मिशनऱ्यांनीही भाग घेतला, हे आपण विसरू नये. त्यांनी शाळा चालवल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे मन निर्मळ होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कुंपण कुंपणच होते. दोरी इतकी घट्ट धरली होती की माणूस त्याच्या स्वाभाविक चालीने एक पाऊलही टाकू शकत नव्हता. ज्याच्या पायाखालचे रान काढून घेतले, ज्याला दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागते, त्याला शाळेत मिळालेले चांगले शब्द खरे वाटावेत तरी कसे?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. आजही त्या दिवशी विमुक्त दिन पाळला जातो. पण पुढे काय झाले? तार कापली गेली आणि दोरी पूर्णपणे सोडून दिली गेली. जमीन नाही, जातीचा दाखला नाही, गावात घर बांधायला जागा नाही, आणि पोलिसांचा संशय मात्र तसाच. पृष्ठभागाचे पाणी वेगाने पुढे गेले : शहर वाढले, धरण झाले, महामार्ग झाला. तळाशी असलेल्या माणसाला त्या वेगाने फरपटत यावे लागले, नाहीतर मागे राहावे लागले. गावाबाहेरच्या पालात जन्मलेल्या पारधी मुलाला शाळेत प्रवेश घ्यायचा झाला की आजही पहिला प्रश्न कागदाचा येतो, आणि त्याच्या आजोबांचा जन्म कुठे झाला याची नोंद कुठेच नसते.

घट्ट धरलेली दोरी आणि सोडून दिलेली दोरी, या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. तिसरी गोष्ट करण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे : बरोबर चालणे, आणि दोरी बोटात जाणवेल इतकीच धरणे.

याचा व्यवहारात अर्थ काय? वसतिगृहात आलेल्या मुलाने पहिल्या महिन्यात पळ काढला तर त्याला कृतघ्न ठरवू नये. उघड्या माळावर वाढलेल्या मुलाला चार भिंती सोसायला वेळ लागतो. त्याच्या घरी जावे, आईवडिलांशी बोलावे, त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात एकदा अर्ज देऊन थांबू नये. दाखला हातात पडेपर्यंत त्या कुटुंबाबरोबर खेपा घालाव्यात. देणगी वर्षातून एकदा ओंजळभर देण्यापेक्षा थोडी आणि वरचेवर दिलेली अधिक उपयोगी पडते, कारण फी, वह्या आणि तेल-मीठ दर महिन्याला लागते. आणि शिकवण्याआधी विचारावे. फासेपारधी समाजाला त्याचे नाव ज्या फाशावरून मिळाले, तो फास विणायला पाखराची वाट, वाऱ्याची दिशा आणि मातीचा रंग कळावा लागतो. इंग्रज अधिकाऱ्याने माशांची नावे नदीकाठच्या माणसाकडून घेतली. आपल्यालाही बरेच काही घेण्यासारखे आहे.

८. हा पाठ कसा घ्यावा

शक्य असेल तर पहिला भाग खरोखर नदीवर घ्यावा. मुलांच्या जोड्या कराव्यात. पहिल्या तासात गळ बांधूच नये. फक्त तरंगी आणि वजन बांधून ती आवरून वाहवण्याचा सराव करावा. ज्या मुलाच्या घरी मासे धरतात त्याला पुढे करावे आणि शिक्षकाने त्याच्याकडून शिकावे. वर्गात मागे बसणारे मूल त्या दिवशी पुढे असेल, आणि ते इतर मुलांच्या लक्षात राहील. परत येताना काठावरची तुटलेली दोरी, शिसे आणि प्लास्टिक गोळा करून आणावे. तंगुसात पाय अडकून पाणपक्षी मरतात.

दुसरा भाग संध्याकाळी, सर्व मिळून बसल्यावर घ्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय १७:२४-२७ वाचा. पेत्राला जाळे टाकायला न सांगता गळ टाकायला सांगण्यात प्रभूचा काय हेतू असावा, असे तुम्हाला वाटते?

२. यशया १९:५-८ वाचा. तुमच्या गावची नदी किंवा ओढा आटतो तेव्हा सर्वांत आधी कोणाच्या घरी अडचण येते?

३. हबक्कूक १:१४-१५ आणि लूक ५:१-११ शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडच्या ‘धरण्यात’ काय फरक आहे?

४. आपल्या मंडळीच्या मदतीत दोरी कुठे फार घट्ट धरली जाते? कुठे ती हातातून सुटली आहे? एकेक उदाहरण द्या. व्यक्तीचे नाव घेऊ नका.

५. या वर्षी ज्या कुटुंबाला आपण मदत केली, त्यांच्याकडून आपण काय शिकलो?

प्रार्थनेचे विषय

जून महिन्यात शाळा सुरू होताना दाखल्यावाचून अडलेल्या मुलांसाठी. वाळूच्या खड्ड्यांत आणि वाढत्या पाण्यात जीव गमावलेल्यांच्या कुटुंबांसाठी. भीमेच्या पाण्यावर पोट असलेल्या भोई आणि कोळी बांधवांसाठी. ज्यांच्या नावावर आजही संशयाचा शिक्का आहे त्या विमुक्त कुटुंबांसाठी. आणि आपल्या हातांसाठी, की त्यांना आवरण्याची आणि सोडण्याची योग्य वेळ कळावी.